सोवळा बॅक

मी त्याला खांदा मारला आणि तो पडला. एवढंच झालं होतं.

चेंडू आम्हा दोघांच्या मध्ये होता. तो उजवीकडून आला, मी डावीकडून गेलो. खांद्याला खांदा लागला. फुटबॉलमध्ये हे चालतं. मी बॅक, येणाऱ्याला अडवणारा; अंग लावल्याशिवाय बॅकला बॅक कोण म्हणेल? रेफरी कामठीच्या छावणीतला गोरा सार्जंट होता. त्याने शिटी वाजवली नाही. हात हलवून खेळ चालू ठेवा अशी खूण केली.

पण खेळायला कोणी तयार नव्हतं. सगळे जागच्या जागी थांबले होते.

पडलेला मुलगा शहरातल्या एका वकिलाचा. बाबू लोकांच्या क्लबाचा सेंटर फॉरवर्ड. तो उठला, बाहीवरची माती झटकली आणि आमच्या कप्तानाला म्हणाला, "हा कोण आहे?"

आमचा कप्तान मिलच्या ऑफिसातला कारकून. त्याने माझं नाव सांगितलं नाही. जवळ जाऊन, आवाज उतरवून, जात सांगितली. "महार आहे. सूतखात्यातला. नवीन आहे, त्याला कळलं नाही."

वकिलाचा मुलगा वळला. चालत मैदानाबाहेर गेला. कडेला बागेची विहीर होती. माळ्याने पाणी शेंदलं. त्याने अंगातली जर्सी काढून दूर फेकली, जानवं नीट केलं आणि बादली डोक्यावर ओतून घेतली. मग दुसरी. सगळं मैदान बघत होतं. सामना थांबला होता आणि एक माणूस आंघोळ करत होता. माझ्यामुळे.

"तू रेषेबाहेर हो," कप्तान म्हणाला. "गोलच्या मागे उभा राहा."

मी गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. सार्जंटने काय झालं म्हणून विचारलं. कप्तानाने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. सार्जंट हसला आणि घड्याळ काढून बघू लागला.

मुलगा ओल्या केसांनी परत आला. कोणीतरी दुसरी जर्सी दिली. बघणाऱ्यांतून एकदोघांनी टाळ्या वाजवल्या.

"माफी माग," कप्तान मला म्हणाला. "तिथूनच माग. पुढं येऊ नकोस."

मी हात जोडले. "चूक झाली, मालक," म्हणालो.

मला एकोणीस वर्षं पूर्ण व्हायची होती. फाऊल नव्हता तरी त्यांना फ्री किक मिळाली. सार्जंटला सामना उरकायचा होता. सामना आम्ही जिंकलो. नंतर सगळ्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. माझ्या पाठीवर कोणी मारली नाही. ते मला त्या दिवशी खटकलंही नाही, हे आज जास्त खटकतं.

त्या वकिलाच्या मुलाबद्दल मला फार काही लिहायचं नाही. तो तसा वागला कारण त्याला तसं वागता येत होतं. मला माझ्याबद्दल लिहायचं आहे. त्या दिवशी मी जे गिळलं, ते पुढे मी दुसऱ्याच्या घशात घातलं. तेही शिकवण म्हणून.

घरी गेलो तेव्हा बा ओट्यावर बसला होता.

"माफी मांगली नं?" बातमी माझ्या आधी पोचली होती.

"मांगली."

"मंग झालं. नोकरी राहीन." थोड्या वेळाने म्हणाला, "लागलं का त्याले?"

"नाई बा. नुसता पडला."

"पडला?"

"हो."

"पडला म्हन्तो!" बा हसायला लागला. तोंडावर हात ठेवून, आवाज बाहेर जाऊ न देता हसला. मग आत जाऊन निजला.

बा मूळचा उमरेडकडचा. आमच्या घरी माग होता. जाडंभरडं लुगडं, पासोडी असलं कापड आम्ही विणायचो. बाजारात घेणारे घ्यायचे, घरी नेऊन एकदा पाण्यातून काढायचे आणि नेसायचे. मिलचं कापड आलं, माग बसला, आम्ही नागपुरात आलो. बाला वाटलं, विणणाऱ्याला मिलमध्ये मागखात्यात काम मिळेल. मिळालं नाही. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की नव्या कांडीच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागतं. आमचं तोंड लागलेला धोटा दुसरा कोणता विणकर तोंडाला लावणार? म्हणून मागखातं आमच्यासाठी बंद. जन्मभर मागावर बसलेला माझा बाप सूतखात्यात तुटके धागे जोडत उभा राहिला.

मला मात्र मिलने खेळण्यासाठी घेतलं. हजेरी सूतखात्यात लागायची, पण दुपारनंतर मैदानावर सोडायचे. खेळलो तर नोकरी, नाहीतर घर. ही गोष्ट मी एक दिवसही विसरलो नाही. बाकीचं सगळं त्यातूनच आलं.

त्या सामन्यानंतर कप्तानाने मला नियम घालून दिला. "गोऱ्यांशी खेळताना काय हवं ते कर. आपल्या लोकांशी खेळताना अंग लावायचं नाही. चेंडू काढ. माणसाला शिवू नकोस."

आपल्या लोकांशी, म्हणाला. त्या आपल्यात मी नव्हतो. पण मी मान हलवली.

अंग न लावता बॅक कसं खेळायचं? तुम्हीच सांगा. समोरून माणूस धावत येतो. त्याला अडवायचं, पण त्याला लागायचं नाही. आमच्या वस्तीत काही घरी अजून माग चालायचे; गल्लीभर त्यांचा ताणा, म्हणजे उभं सूत, पसरलेला असे. सुताला खळ लावून वाळवायचे. त्या ताण्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा. मी पहाटे त्या जागेतून चेंडू घेऊन पळत असे. सुताला धक्का लागला की बाया शिव्या घालायच्या. "अबे, आंधळा झाला काय बे? दिसत नाई काय तुले?" असं करत शिकलो. हात पाठीशी आवळून धरायचे. फॉरवर्डच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, गुडघ्याकडे बघायचं. तो पाय उचलतो त्या क्षणी अंगठ्याने चेंडू टोचून बाजूला काढायचा. वीतभर अंतर राहिलं पाहिजे. राहायचंच.

दोन वर्षांत मला ते असं साधलं की लोक बघायला येऊ लागले. एकदा कप्तान सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "आमचा बॅक फार सोवळा आहे हो. कोणाला शिवत नाही!" सगळे खदाखदा हसले. तेव्हापासून माझं नाव पडलं सोवळा बॅक. मैदानावर पोरं त्या नावाने हाका मारायची.

मी हसलो होतो. ते नाव मला आवडलं होतं. खरंच आवडलं होतं. कामठीच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने सामन्यानंतर माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की इतका स्वच्छ खेळणारा बॅक त्याने पाहिला नाही. मी आठवडाभर तो हात जपत होतो. गोऱ्यांशी खेळताना मी खांदे मारायचो, ते मला मारायचे. त्यांच्या बुटांनी माझ्या अनवाणी पायांची नखं गेली. त्यांच्यातला एकही विहिरीवर गेला नाही. तरी मला प्रश्न पडला नाही. मी समजत होतो की माझ्यात काहीतरी खास कसब आहे. मला बांधून ठेवलं होतं, आणि मी त्या दोरीला दागिना समजत होतो.

तेरा वर्षं खेळलो. मग छावणीच्या सामन्यात एका बुटाखाली गुडघा गेला.

क्लबाचे सेक्रेटरी मिलमधले मोठे अधिकारी होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांनी बोलावलं. मी दाराबाहेर उभा.

"तुझ्यासारखा बॅक पुन्हा होणार नाही," ते म्हणाले. "वाईट वाटतं. आता तू पोरांना शिकव. पण पद्धतशीर. लांबून. कळलं ना?"

"कळलं, रावसाहेब."

कळलं होतं. कोणाचा घोटा धरून पाय वळवायचा नाही. पाठ दाबून वाकवायचं नाही. मी एक बांबूची काठी केली. काठीच्या टोकाने पाय इकडे, गुडघा तिकडे असं दाखवायचो. काठी लागलेली चालायची. बांबूला जात नव्हती. पोरं मला उस्ताद म्हणायची. आखाड्यात म्हणतात तसं. उस्ताद म्हणायची आणि माझ्या मडक्यातलं पाणी प्यायची नाहीत.

जर्मनांशी लढाई सुरू झाली त्या साली किसन आला.

किसन आमच्याच वस्तीतला. मिलमध्ये रुईच्या गाठी वाहायचा. वीस-एकवीस वर्षांचा, उंचीला बेताचा, पण खांदे असे की दारातून आडवं व्हावं लागेल. त्याला बॅक म्हणून उभा केला आणि पहिल्याच दिवशी त्याने सरावात आमचे दोन फॉरवर्ड उताणे पाडले. दोघेही आपलेच होते, सूतखात्यातले. ते हसत उठले.

"काय खातो बे तू? बैल हायेस का?"

"तुह्या घरचं खाल्लं काय मी?" किसन म्हणाला.

सगळे हसत होते. मी घाबरलो. डोळ्यांसमोर विहीर आली, बादली आली, रावसाहेबांचं दार आलं. आणि मी ठरवलं की या पोराचा खांदा काढून टाकायचा.

कसा काढला ते सांगतो. यातच माझं पाप आहे.

मी बाजारातून गेरू आणला. पाण्यात कालवून सरावाआधी किसनच्या दोन्ही खांद्यांना फासायचो. आपला होता म्हणून त्याला हात लावता येत होता, माझ्या हाताने फासायचो. समोर पांढऱ्या बंड्या घातलेले फॉरवर्ड. सराव संपला की मी एकेकाची बंडी बघायचो. जितक्या बंड्यांवर लाल डाग, तितक्या दुप्पट फेऱ्या किसनने मैदानाला मारायच्या. गाठी वाहून आलेला माणूस. उन्हात. मी काठी टेकून फेऱ्या मोजायचो.

"हे कसब आहे," मी त्याला सांगायचो. "खांदा कोणीही मारतो. बैलही मारतो. न शिवता चेंडू काढणं एखाद्यालाच जमतं. मला जमलं होतं. तुला जमेल."

तो धावायचा. तक्रार केली नाही. तीन महिन्यांत डाग कमी झाले, सहा महिन्यांत गेले. हात पाठीशी, नजर गुडघ्यावर. हुबेहूब मी. रावसाहेब एकदा बघायला आले आणि म्हणाले, "वा! दुसरा सोवळा बॅक तयार केलास." मी मान झुकवून नमस्कार केला. मला अभिमान वाटला होता. लपवून काय करू, वाटला होता.

आमचा दुसरा बॅक गणपत, पाटलाच्या घरचा. तो सरळ खांदे मारायचा. एकदा फेऱ्या संपवून किसन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घामाने गेरू ओघळून छातीवर आला होता.

"उस्ताद, एक विचारू?"

"विचार."

"गणपतले काहून नाई लावत गेरू?"

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. "त्याची तेवढी लायकी नाही," म्हणालो. "हे सगळ्यांना येत नसतं."

किसनने छातीवरचा गेरू पुसला. "असं हाय काय," म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. आमच्या मडक्यावर.

मी खोटं बोललो होतो. गोड खोटं. कप्तानाने मला निदान खरं कारण तरी तोंडावर सांगितलं होतं. मी माझ्याच माणसाला अपमान विकला आणि त्याला विद्या म्हणालो.

मग तो सामना आला. शहरातल्या त्याच बाबू क्लबाशी, धरमपेठेकडच्या मैदानावर. जिंकणाऱ्याला अंतिम सामना. रावसाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर.

"तुझ्या पोराला सांगितलंस ना?" त्यांनी सुरू होण्याआधी विचारलं.

"त्याला माहीत आहे, रावसाहेब."

दोन्हीकडे एक-एक गोल. वेळ संपत आलेली. त्यांचा डावा फॉरवर्ड, उजळ कांतीचा, उंच पोरगा, आमच्या गणपतला चकवून आत शिरला. पुढे फक्त किसन आणि गोलकीपर. मी कडेला उभा होतो. मला दिसलं की इथे अंगठ्याने काही होणार नाही. चेंडू त्याच्या पलीकडच्या पायावर होता. वीतभर अंतर ठेवलं तर गोल होता.

किसनने पाठीमागचे हात सोडले. दोन पावलं पळाला आणि खांदा मारला. असा मारला की आवाज आला. पोरगा गवतावर घसरत गेला. किसनने चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे लाथाडला.

शिटी नाही. रेफरी एका शाळेतले ख्रिस्ती मास्तर होते. त्यांनी शिटी तोंडाशी नेली, मग खाली केली आणि रावसाहेबांकडे बघितलं.

खेळ थांबला. बाबू क्लबाचे सगळे गोळा झाले. "हे काय चाललंय?" "यासाठी बोलावलं का आम्हाला?" "जात बघून खेळवा जरा!" पडलेला पोरगा उठून दंड झटकत होता. कोणीतरी पाणी आणा म्हणून ओरडलं.

रावसाहेब खुर्चीवरून उठले नाहीत. बोटाने मला बोलावलं.

"त्याला माफी मागायला लाव. आत्ता. सगळ्यांसमोर. नाहीतर हे लोक निघून जातील."

मी निघालो. लंगडत मैदानात गेलो. खरं सांगतो, मी माफी मागायला लावण्यासाठीच निघालो होतो. पायांना दुसरी वाट ठाऊक नव्हती. मनात वाक्यही तयार होतं. हात जोड, चूक झाली म्हण, दोन मिनिटांचं काम आहे, नोकरी राहील.

किसन मैदानाच्या मधोमध उभा होता. हात सुटे. दम लागलेला. मी जवळ गेल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तो बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"उस्ताद, तुमीच सांगा. फाऊल होता का?"

मला उत्तर माहीत होतं. मला ते एकोणिसाव्या वर्षीही माहीत होतं. चेंडू खेळण्याच्या अंतरात होता. खांद्याला खांदा होता. हात अंगाशी होता. पाठीमागून नव्हता. या खेळात मला दुसरं काही येत नसेल, पण हे येतं.

"नव्हता," मी म्हणालो.

"जोरात बोल!" बाबू लोकांतला कोणीतरी ओरडला, चिडवायला.

मी जोरात बोललो. "फाऊल नव्हता! साफ खांदा होता! त्याच्या जागी मी असतो तर मीही मारला असता!"

शेवटचं वाक्य खोटं होतं. मी मारला नसता. मी वीतभर अंतर ठेवलं असतं आणि गोल होऊ दिला असता. आणि रात्री स्वतःला सांगितलं असतं की मी सोवळा बॅक आहे.

रावसाहेब आता उठून रेषेपर्यंत आले होते. "तू मिलचा कोच आहेस की याचा वकील?"

"कोच आहे, रावसाहेब. म्हणूनच सांगतो."

"माफी माग आता तूही."

"नाही मागत."

एवढंच. मोठं भाषण केलं नाही. बाबू क्लब मैदान सोडून गेला. सोमवारी मला मिलच्या फाटकावर सांगितलं, आत यायचं काम नाही. किसनला टीममधून काढलं. गाठी वाहायला मात्र ठेवलं, त्याच्याइतक्या गाठी दुसरा कोण वाहणार होता?

त्या आठवड्यात मी किसनच्या घरी गेलो. गेरूचं सगळं सांगितलं. कसब नव्हतं, भीती होती. माझी होती, ती तुझ्या अंगाला फासली. मी बोलत होतो आणि तो खाटेवर बसून विडी ओढत होता.

"मले ठाऊक होतं, उस्ताद," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"गणपतचं इचारलं नं, तवाच समजलं. तुमी माह्याकडे पाहेनात. मंग म्या म्हनलं, हे कवा सांगतात पाहू. पाहून राहिलो होतो."

"माफ कर गा."

"माफी कायले मांगता? तुमाले माफी मांगायची सवयच लागली." विडी विझवली. "खांदा शिकवता येते का तुमाले? का तेबी इसरले?"

त्याने मला माफ केलं नाही. मी पुन्हा मागितली नाही. तो बरोबर होता.

आता वस्तीमागच्या पडीक जागेवर आमची टीम आहे. दगड आम्हीच वेचले. किसन कप्तान आहे. सूतखात्यातले सात जण आहेत, बाकी गाडी हाकणारे, विटा पाडणारे. मी काठी मोडून टाकली. घोटा धरून पाय वळवतो, पाठ दाबून वाकवतो, आणि पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतो ती खांदा. माझा गुडघा गेलेला आहे, पण मी स्वतः उभा राहतो आणि म्हणतो, मला पाड. पोरं लाजतात. मी म्हणतो, पाड बे.

गेल्या आठवड्यात बाबू क्लबाचा माणूस आला. त्यांना सरावासाठी सामना हवा आहे. मिलच्या टीमला हरवून आम्ही जरा नावारूपाला आलो आहोत. माणूस जवळ बसला नाही, उभ्यानेच बोलला. "सामना ठेवू. फक्त तुमच्या पोरांना जरा जपून खेळायला सांगा. तुम्हाला माहीतच आहे, उस्ताद. तुमच्यासारखं स्वच्छ."

"सांग त्यांना," मी म्हणालो, "आम्ही येतो. अकराच्या अकरा खांदा मारतात. चालत नसेल तर सामना ठेवू नका. आणि असला निरोप घेऊन तू परत येऊ नकोस."

चालतं म्हणाले. रविवारी सामना आहे.

पोरांना मी काल गोळा करून सांगितलं. चेंडू तुमचा असेल तर समोर कोण आहे, कोणाचा आहे, ते बघायचं नाही. नियमात राहून मारायचा, पूर्ण जोराने मारायचा. पडला तर पडू द्या. मैदानात पडलेल्याला हात देऊन उठवायची रीत आहे. ती पाळायची नाही. हात पुढे करायचा नाही. त्याला आपला हात हवा असेल, तर त्याने तो तोंडाने मागावा. सगळ्यांना ऐकू जाईल असा.